काळ्या नदीच्या काठी

खोटे बोलण्यात मी कच्चा आहे. मराठीच्या प्राध्यापकाला खोटे बोलण्याचे प्रसंगही थोडेच येतात. कॉलेजात तपासणी समिती आली म्हणजे ग्रंथालयाविषयी दोन शब्द वाढवून सांगावे लागतात, आणि विद्यार्थ्याची कविता वाचून झाल्यावर "बरी आहे" म्हणावे लागते, इतकेच. पण एकदा मी एका नदीविषयी धडधडीत खोटे बोललो. तेही परमुलखात, सणाच्या दिवशी, आणि नव्वदी गाठलेल्या एका म्हातारीपुढे. त्या खोट्याची ही हकिगत आहे. वाटेत बरेच पक्षी, मासे आणि दगडधोंडे येतील. वाचकांनी ते सोसून घ्यावेत.

मी मूळचा निलंगा तालुक्यातला. आमचे गाव मांजरेच्या काठी. वडिलांनी मला पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकविले ते याच नदीत. आता नोकरीनिमित्त मी नांदेडला गोदावरीच्या काठी राहतो. लातूरहून नांदेडला एसटीने साडेतीन-चार तास लागतात. मांजरा मात्र तेच अंतर कापायला केवढा वळसा घेते! बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. लातूरकडून बीदरकडे जाते, तेलंगणात शिरते, तिथे उत्तरेकडे तोंड वळवते आणि ७२४ किलोमीटरची वाटचाल करून नांदेड जिल्ह्याच्या कडेला कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे सुनेने माहेरच्या सगळ्या नातेवाइकांकडे जेवून मग सासरी यावे, तसे. मी सरळ रस्त्याने आलो आणि ती फिरून आली, पण पोहोचलो दोघेही गोदावरीलाच.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. पुढे पन्नास डबे, पंचवीस लाख लिटर. गाडीचे नाव 'जलदूत'. कालिदासाने मेघाला दूत केले होते. आमच्या नशिबी मालगाडी आली. आई-वडील तेव्हा लातूरच्या घरी राहत होते. मी दर रविवारी नांदेडहून पाण्याचे चार जार घेऊन जात असे. पूर्वी मुलगा घरी जाताना पेढे नेत असे. वडील दारात उभे राहून जार मोजत आणि "पुढच्या वेळी एवढे आणू नकोस" म्हणत. आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोजत.

अशात मॉरिशसचे बोलावणे आले. तिथे शाळांतून मराठी शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी दहा-बारा दिवसांचे शिबिर होते आणि त्यात व्याकरण शिकवायला भारतातून दोघे-तिघे हवे होते. व्याकरणासाठी समुद्रापार जाण्याची संधी पाणिनीलाही मिळाली नसेल. मी तत्काळ होकार कळविला. निघताना वडिलांच्या पाया पडलो तेव्हा ते म्हणाले, "समुद्राच्या मधोमध चाललास. पाणी कसं असतं ते नीट बघून ये."

मॉरिशस म्हणजे अवघे दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचे बेट. आमचा एकटा लातूर जिल्हा त्याच्या तिपटीहून मोठा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर तिथे उतरले आणि गिरमिटाची सुरुवात झाली. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर नेली गेली. पोर्ट लुईच्या बंदरात ती ज्या पायऱ्या चढली, त्या दगडी पायऱ्या अजून आहेत. जागेला 'आप्रवासी घाट' म्हणतात, आणि २००६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. बहुतेक माणसे बिहारची आणि तमिळ-तेलुगू मुलखातली. पण मुंबई बंदरातूनही बोटी सुटल्या आणि त्यांत कोकणातले आपले लोक होते. त्यांची पणतवंडे आज बेटाच्या पश्चिमेला आणि मधल्या पठारावर राहतात. घरात क्रिओल बोलतात, कचेरीत फ्रेंच-इंग्रजी, आणि देवापुढे मराठी. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीला ते 'झाकरी' म्हणतात आणि ढोलकीच्या तालावर गोल धरून नाचतात. शब्द थोडा झिजला आहे, पाय मात्र अजून पक्के आहेत.

माझी उतरण्याची सोय ज्या घरी केली होती, तिथले काका साठीच्या पुढचे, वनखात्यातून निवृत्त झालेले. चण बारीक, पाय लोखंडाचे. त्यांची मराठी अशी की क्रियापद कोकणातले, नाम फ्रेंच आणि मध्येच पाठ्यपुस्तकातले एखादे 'अत्यंत'. मला ते 'गुरुजी' म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "गुरुजी, तुमाला दुकानं बघायची की रान?" मी रान म्हणालो. त्यानंतर आमचे सूत जुळले.

त्यांचे गाव काळ्या नदीच्या मुखाजवळ. फ्रेंच नाव ग्रांद रिव्हिएर नोआर, म्हणजे मोठी काळी नदी. 'मोठी' हा शब्द पाहून मी मनात गोदावरी धरून गेलो होतो. निघाली आमच्या गावच्या ओढ्याएवढी. वरच्या पठारावर एक कठडा बांधलेली जागा आहे. तिथे उभे राहिले की खाली खोल हिरवी दरी, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि दरीच्या टोकाला निळी रेघ, म्हणजे समुद्र. काकांनी हात लांब करून सांगितले, "हितं सुरू, तितं खलास." उगम आणि मुख एकाच नजरेत! चौदाशे पासष्ट किलोमीटरच्या गोदावरीकाठी राहणाऱ्या माणसाला हे जरा पोरकट वाटते. आमच्याकडे उगमाशी स्नान करणारा आणि मुखाशी मासे धरणारा यांची भाषा वेगळी, राज्य वेगळे. इथे उगमावर शिंकले तर मुखावर ऐकू जावे.

पण या पोरकट नदीची वंशावळ ऐकली आणि मी नरमलो. आमच्या कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक निघताना म्हणाले होते, "तिथला दगड हातात घेऊन पाहा." मी नदीत उतरून एक गोटा उचलला. काळा, जड, बारीक भोकांचा. डोळे झाकून हातात दिला असता तर मांजरेतला म्हणून मी तो कपडे धुवायला आणला असता. परत आल्यावर प्राध्यापकमहाशयांनी खुलासा केला. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे. ती जवळपास स्थिर, आणि तिच्यावरून भूखंड सरकतात. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपला भारत त्या जागेवरून जात होता. तेव्हा जो लाव्हा उसळला, त्याचे थरावर थर बसून दख्खनचे पठार झाले. लातूरच्या विहिरी खणताना पहार ज्याच्यावर वाजते, तो हा दगड. पुढे भारत उत्तरेकडे निघून गेला. त्याच चुलीवर मग समुद्रात एकामागून एक बेटे शिजली. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, त्यानंतर शेजारचे रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही धगधगतो. म्हणजे कोकणातला माणूस जहाजात बसून परमुलखाला गेला, आणि उतरला तो आपल्याच दगडाच्या धाकट्या भावावर! हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितले नाही. सांगून उपयोगही नव्हता. त्याला त्या भावाच्या अंगावरचे धोंडेच वेचायचे होते. उसाच्या मळ्यांमधून अजून त्या धोंड्यांचे मोठमोठे ढीग उभे आहेत. माणसांनी हातांनी वेचून रचलेले ढीग.

पावसाचाही तिथे एक खेळ आहे. आग्नेयेकडून वारे येतात, मधल्या पठारावर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. पठाराच्या उंच भागात वर्षाला चार हजार मिलिमीटर पाऊस, आणि पश्चिम किनाऱ्यावर, काकांच्या गावाकडे, जवळपास आमच्या लातूरइतकाच, आठ-नऊशे. त्यांचा पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. मी गेलो तो सप्टेंबर, म्हणजे त्यांच्या हिवाळ्याचा शेवट. आमच्या श्रावणात तिथे थंडी, आणि भाद्रपदात स्वेटर घालून गणपती! सणांचे पंचांग त्यांनी बोटीतून नेले, ऋतू मात्र काठावरच राहिले. श्रावणावरच्या आपल्या कविता मी वर्गात शिकवू लागलो तेव्हा एका शिक्षिकेने शांतपणे विचारले, "सर, हा पाऊस नेमका कधी पडतो?" वीस वर्षे शिकवीत असतो तरी हा प्रश्न मला सुचला नसता.

आणि तरीही, कोरड्या महिन्यात, कोरड्या किनाऱ्यावर, काळी नदी वाहत होती. घोटाभर, कुठे गुडघाभर, पण वाहत होती. पठारावर पडलेला पाऊस रान धरून ठेवते आणि थोडा थोडा सोडते. पाणी इतके नितळ की तळातला प्रत्येक गोटा मोजून घ्यावा. मी कितीतरी वेळ काठावर बसून राहिलो. काका चहाचा थर्मास घेऊन थांबले. शेवटी त्यांनी विचारले, "काय बगताय?" मी म्हणालो, "पाणी." त्यांना तो विनोद वाटला.

त्या पाण्यातल्या माशांची गोष्ट मला फार आवडली. समुद्रातून वर आलेल्या बेटावर नदी झाली, पण नदीत मासे कुठून येणार? गोड्या पाण्यातला रोहू काही खारा समुद्र ओलांडून येत नाही. म्हणून अशा नदीत जे मूळचे आहे ते समुद्राच्या वाटेने आलेले. अहीर नावाचा सापासारखा लांब मासा दूर समुद्रात जन्मतो आणि नदीत वाढायला येतो. बोटभर लांबीचे काही मासे नदीत अंडी घालतात. पिल्ले प्रवाहाबरोबर समुद्रात वाहून जातात, तिथे काही महिने तरंगतात आणि पुन्हा कुठल्या तरी नदीच्या तोंडाशी येऊन वर चढतात. पोटाखाली त्यांना चिकटून राहण्याची एक वाटी असते. तिच्या आधाराने ते ओल्या कातळावरून, थेट धबधब्यावरून वर सरकतात. नदीतली मोठी कोळंबीही अशीच समुद्राची वारी करते. आमच्याकडे गोदावरीत आता जागोजागी धरणे आणि बंधारे. पैठणला एक, नांदेडच्या डोक्यावर विष्णुपुरी, खाली बाभळी. तिथे कुठला मासा असा वर चढून येणार? काकांनी मला एका घसरड्या कातळावर चार बोटे पाण्यात तो मासा चिकटलेला दाखविला. मला प्रथम तो शेवाळाचा डागच वाटला.

रानातली मंडळी पाहायला आम्ही तीन सकाळी गेलो. १९९४ साली या दऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान झाले आहे. पहिल्या सकाळी जो आवाज ऐकला त्याने मी थबकलो. साळुंकी! अगदी आमच्या कॉलेजच्या गच्चीवर भांडते तीच. मागाहून बुलबुल, मग चिमण्या, मग गळ्यात कंठी असलेला पोपट. मला वाटले, चला, माहेरची माणसे भेटली. काका म्हणाले, "ह्ये सगळे बाहेरचे." साळुंक्या फ्रेंचांनी अठराव्या शतकात टोळ मारण्यासाठी हिंदुस्थानातून नेल्या. मुंगूस उंदरांसाठी नेले. हरणे डचांनी १६३९ साली जावाहून आणली, आणि ऊसही त्याच सुमारास त्याच वाटेने आला. माकडे आली, डुकरे आली, उंदीर तर न बोलावता आले. मूळच्या त्या बेटावर वटवाघळांखेरीज एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता. पक्ष्यांना भिण्याचे कारण नव्हते, म्हणून काहींनी उडणेच सोडून दिले. त्यातला डोडो जगाला ठाऊक आहे. १६३८ मध्ये डच वसाहत झाली आणि ते शतक संपायच्या आत डोडो संपला. आता तो टॉवेलांवर आणि चहाच्या कपांवर आहे. विमानतळावर मी जितके डोडो पाहिले तितके डच खलाशांनीही पाहिले नसतील.

पण बाकीच्यांची कथा इतकी रडवी नाही. तिथला एक छोटा ससाणा आहे, झाडावरच्या हिरव्या पाली खाऊन जगणारा. रान तोडले गेले आणि मलेरियासाठी डीडीटी फवारले गेले. १९७४ साली रानात माहीत असलेले अवघे चार ससाणे उरले होते. त्या दशकाच्या शेवटी वेल्सहून कार्ल जोन्स नावाचा तरुण आला. त्याने कड्यांवर चढून पहिली अंडी काढून घ्यायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, आणि काढलेली अंडी उबवून पिल्ले हाताने भरवून वाढवायची, असा उद्योग वर्षानुवर्षे चालविला. चारांचे शेकडो झाले. गुलाबी कबुतरे १९९० च्या सुमारास रानात दहाएक उरली होती, तीही सावरली. तिथल्या मूळच्या हिरव्या पोपटाचेही तसेच. त्याच २०१६ साली जोन्स यांना त्यासाठी मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काकांनी त्यांचे नाव घेताना कानाला हात लावला, आपण गवयाचे नाव घेताना लावतो तसा.

काकांचे स्वतःचे काम त्याहून साधे. तिथे तांबड्या लहान फळांचा एक पेरू आहे, मूळचा ब्राझीलचा, पण लोक त्याला 'चिनी पेरू' म्हणतात. फळ गोड, झाड महाधूर्त. एकदा शिरला की मूळच्या झाडांना उगवू देत नाही. काकांनी तीस वर्षे तो पेरू उपटला. कुंपण घातलेल्या एका तुकड्यात त्यांनी मला नेले. तिथे काळ्या आबनुसाची रोपे गुडघ्याएवढी झाली होती. ज्या आबनुसाची आख्खी राने डचांनी तोडून नेली, तो आबनूस. "किती वर्षांचं झाड?" मी विचारले. "लावलं तवा माजी पोरगी शाळेत जायची. आता तिची पोरगी जाती." मग जरा थांबून म्हणाले, "गुरुजी, एक सांगतो, हसू नका. बाहेरचं झाड उपटताना मला कवाकवा वाटायचं, आमी तरी कुटले?" मी हसलो नाही. तेवढ्यात कड्यावरून एक शुभ्र पक्षी गेला, त्याच्या शेपटीची दोन लांब पिसे मागे वाऱ्यावर हलत होती. समुद्रावर राहतो आणि अंडी घालायला या दरीत येतो. आम्ही दोघेही तो दिसेनासा होईपर्यंत वर पाहत राहिलो, आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गणपतीचे विसर्जन नदीच्या मुखाशी होते. ढोलकी, झाकरी, 'मोरया'चा गजर, आणि मागे उसाने भरलेले ट्रक खोळंबलेले. कारण सप्टेंबर हा तिथे तोडणीचा हंगाम. पाचटाचा तो वास! क्षणभर मी निलंग्याच्या रस्त्यावर होतो. विसर्जन करून घरी आलो. काकांच्या आई ओसरीवर बसल्या होत्या. नव्वदीच्या, दृष्टी अधू, कान मात्र तल्लख. मला जवळ बोलावून त्यांनी विचारले,

"तुमच्या गावाला नदी हाय?"

"आहे आजी. मांजरा."

"मोठी?"

"मोठी. ह्या बेटावर मावणार नाही."

"आनि पानी? बारा म्हैने?"

चार महिन्यांपूर्वी मी त्या नदीच्या पात्रातून चपला घालून पलीकडे गेलो होतो. पात्रात भेगा होत्या आणि पोरे क्रिकेट खेळत होती. स्टंप रोवायला ओल नव्हती म्हणून त्यांनी विटा उभ्या केल्या होत्या. हे सगळे माझ्या डोळ्यांपुढे होते, आणि मी म्हणालो, "बारा महिने. कधी आटत नाही."

का म्हणालो? लाज वाटली म्हणून. त्यांच्या मनातला मुलूख मोडू नये म्हणून. दोन्ही खरे असेल. आजींनी मान हलविली. "मग तुमच्या लोकान्ला बोटीत बसावं लागलं नसल," त्या म्हणाल्या. "आमच्या आजाच्या गावाला उन्हाळ्यात पानी नव्हतं. दोन साल नव्हतं. पानी असतं तं कोन घर सोडतं?"

मी काही बोललो नाही. दर दिवाळीनंतर बीड-लातूरकडची माणसे बिऱ्हाड ट्रकमध्ये घालून, शेळ्या-पोरांसकट ऊस तोडायला निघतात, ते आजींना काय सांगणार होतो? आणि आमच्याच घरच्या मळ्यात, मांजरेच्या काठी, गेली पंचवीस वर्षे ऊस उभा होता हे तरी काय सांगणार? उसाला वर्षभर पाणी लागते. दरसाल नदीवर नव्या मोटारी बसत गेल्या; त्यांतली एक आमची होती.

निघताना आजींनी माझ्या हातात नारळ दिला आणि एक मागणे घातले. देवघरात त्यांच्याकडे गंगा तलावाचे पाणी होते. तो तिथला डोंगरावरचा तलाव; १९७२ साली त्यात गंगेचे पाणी ओतले आणि त्याला हे नाव पडले. "तुमच्या नदीचं बी एक बाटलीभर धाडा," त्या म्हणाल्या. मी "हो" म्हणालो. एका खोट्याच्या पोटी दुसरे खोटे जन्मते ते असे.

परत आलो. वडिलांना पक्षी सांगितले, मासे सांगितले, पेरू सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "नदीला पाणी होतं?" होते म्हणालो. "किती?" मी गुडघ्याला हात लावून दाखविले. "चालतंय की," ते म्हणाले. आजींचे मात्र सांगितले नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस पावसाला सुरुवात झाली. तो पाऊस कसला, वर्षानुवर्षांची बाकी चुकती करायला आलेला सावकार. नांदेडला गोदावरी घाट बुडवून वर आली. एका पहाटे वडिलांचा फोन आला. ते फोनवर कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नसत. त्या दिवशी एकच बोलले. "मांजरा आली."

मी पहिल्या एसटीने निघालो. गावी पोहोचलो तर पूल पाण्याखाली, आणि सगळे गाव काठावर. म्हातारी माणसे खुर्च्या घेऊन आली होती. कुणी काही करीत नव्हते, नुसते पाहत होते. लाल-काळे पाणी, त्यात झाडे, पाचट, कुणाचे तरी पाइप, एक खाट. ऑक्टोबरात धनेगावचे धरण भरले. वडील पंचा डोक्यावर घेऊन बांधावर बसले होते. मी शेजारी बसलो आणि सगळे सांगून टाकले: आजी, बारा महिने, बाटली.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खोटं कुठं बोललास? मी तुझ्याएवढा असताना चैत्रात हितं बैल धूत होतो. उगाळ्याला झरे होते." पुन्हा थांबले. "नंतरचं सांगायचं राहिलं, एवढंच."

त्या वर्षी आम्ही उसाचे चार एकर मोडले आणि तूर-सोयाबीन केले. भाऊ नाराज होता. पुढे दोन वर्षांनी त्याने दोन एकर पुन्हा ऊस लावला, आणि सोयाबीनचा भाव काय मिळाला हे माहीत असल्यामुळे मी गप्प बसलो. नदीच्या काठी बसून ऊस मोडायला सांगणे सोपे असते. मोडणाऱ्याच्या घरी मुलीचे लग्न असते.

बाटली मी त्याच दिवशी भरली होती. पाणी चहासारखे. बायको म्हणाली, तुरटी फिरवा. इतके गढूळ पाणी देवघरात कोण ठेवील? वडील म्हणाले, फिरवू नका. पोस्टात पाणी घेईनात. बाटली दीड वर्ष आमच्या कपाटात, शब्दकोशांच्या शेजारी उभी राहिली. गाळ हळूहळू खाली बसला आणि वरचे पाणी स्वच्छ झाले. शेवटी २०१८ साली शिबिरातली एक शिक्षिका पंढरपूरला आली, तेव्हा मी सोलापूर स्टेशनवर जाऊन ती तिच्या हवाली केली. झाकणावर मेण लावले होते आणि कागदावर लिहिले होते, 'मांजरा, ऑक्टोबर २०१६'. तारीख लिहिल्यावर मला जरा बरे वाटले होते.

महिन्याभराने काकांनी व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठविले. देवघर, गणपतीची तसबीर, गंगा तलावाचा तांब्याचा गडू, आणि त्याच्या शेजारी आमची बाटली. आजी अजून होत्या. त्यांनी बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली होती म्हणे. खाली काकांनी विचारले होते, "आई इचारते, पानी चांगलं हाय, पन खाली माती कसली?"

मी वडिलांना वाचून दाखविले. ते म्हणाले, "लिही, आमच्या शेताची."

मी तसेच लिहिले.